चिंचेतले दोन च आणि मँडरिन : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी बीजिंगमधल्या माझ्या वर्षाबद्दल लिहिलं होतं, सप्टेंबर २०१८ ते जुलै २०१९, हायदिएन भागातल्या एका विद्यापीठात मँडरिनचा, म्हणजे चिनी भाषेचा कोर्स आणि सुट्टी मिळेल तेव्हा भटकंती. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न परत परत आलेत तेवढेच घेते.

प्रश्न : ताई, मी नाशिकला एसवायबीएला आहे. सहा महिने ॲपवर मँडरिन शिकतेय, एचएसके दोनची (चिनी भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी) तयारी चालू आहे. शब्द पाठ होतात पण ऑनलाइन चिनी माणसाशी बोलायला गेले की त्याला एक अक्षर कळत नाही. टोन, म्हणजे शब्दातले आवाजाचे चढउतार, जमतच नाहीत. तिकडे गेल्यावर आपोआप सुधारतं का?

आपोआप काही सुधारत नाही गं. माझ्या वर्गात दोन वर्षं राहिलेली माणसं होती जी अजून टॅक्सीत बसल्यावर मोबाईलवरचा पत्ता दाखवायची. आणि खरं सांगू का, तुझा प्रॉब्लेम टोनचा नंतर आहे, आधी स्पेलिंगचा आहे. आपण मँडरिन इंग्रजीतून शिकतो तिथेच घोळ होतो. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, पण त्यातली अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची नसतात, हे ॲप सांगतं एकदा आणि मग आपण विसरतो.

माझाच किस्सा. पहिल्या आठवड्यात टॅक्सीवाल्याला म्हटलं, वुडाओकाऊ. तो म्हणे, कुठे? मी परत वुडाओकाऊ. चार वेळा झालं, शेवटी त्याने गाडी बाजूला घेतली, मी मोबाईल दाखवला आणि तो म्हणाला, हां, ऊ-ताओ-खोउ! मला तर दोन्ही सारखंच वाटत होतं. रात्री रूमवर बसून देवनागरीत लिहून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. मँडरिनमध्ये आपल्यासारखे ब, द, ग नाहीतच. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. बास. इंग्रजीवाल्यांना प आणि फ मधला फरक ऐकायला शिकायला महिने जातात, आपण तो बालवाडीत शिकलोय! फक्त फ म्हणताना फणसातला फ म्हण, फॅनमधला नको, तो एफ वेगळा आहे. म्हणजे बीजिंगचं नाव खरं तर पेइ-चिंग. (हे वाचून घरी कुणी हसलं तर हसू दे.)

आता याच्या पुढची गंमत. चिंच म्हणून बघ. मोठ्याने म्हण. पहिला च वेगळा आहे आणि दुसरा वेगळा आहे, हो की नाही? पहिला चार-मधला, दुसरा चांगला-मधला. आपण दोन्हीला एकच अक्षर लिहितो म्हणून लक्षात येत नाही. पिनयिनमधला जे म्हणजे चिंचेतला पहिला च आणि झेड म्हणजे दुसरा च. पुन्हा भेटू म्हणायला त्यांचा जो शब्द आहे त्यात दोन्ही येतात, चाइ-च्येन, त्यातला पहिला चांगल्याचा, दुसरा चाराचा. सगळे भारतीय त्याला झायजियान म्हणतात आणि चिनी माणूस सभ्यपणे हसतो. झेडएच आला की जीभ ट म्हणताना जशी वळते तशी वळवून च म्हणायचा, आपल्याकडे ट, ण, ळ आहेत, जिभेला वळायची सवय आहे. क्यू म्हणजे छ, एक्स म्हणजे श. सी मात्र आपल्याकडे नाही, चांगल्याचा च घेऊन त्यात हवा सोडायची. आणि यूवर दोन टिंब असलेला स्वर, त्याला ओठ ऊसारखे करून ई म्हणायचं, आरशासमोर कर, वेड्यासारखं दिसतं पण येतं.

तर पहिलं काम, एक शंभर पानी वही घे आणि तुझे आत्तापर्यंतचे सगळे शब्द देवनागरीत लिहून काढ. एचएसके दोनपर्यंत जुन्या हिशोबाने ३०० शब्द आहेत, चार दिवसांचं काम.

आता टोन. चार आहेत, आणि हे चारही आपण रोज घरात वापरतो, फरक एवढाच की आपण ते मूड दाखवायला वापरतो, चिनीत त्याने शब्दाचा अर्थच बदलतो. पहिला म्हणजे गाण्याच्या क्लासला सा लावून धरतो तसा, वर आणि सपाट. दुसरा म्हणजे कुणीतरी अचाट काहीतरी सांगितल्यावर आपण काऽय? म्हणतो तसा वर जाणारा. तिसरा म्हणजे पटलेलं नसताना बरंऽऽ म्हणतो तो, खाली जाऊन थोडासा वर येणारा. चौथा म्हणजे आई गप! म्हणते तो. मी वहीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर खुणेऐवजी सा, काय, बरं, गप असंच लिहायचे. आमच्या लाओश म्हणजे टीचरने एकदा वही बघितली आणि हे काय मंत्र आहेत का विचारलं.

टोन चुकला की काय होतं ते सांगते. विकत घेणे आणि विकणे हे दोन्ही माइ आहेत. बरंवाला माइ म्हणजे घेणे, गपवाला माइ म्हणजे विकणे. मी मार्केटमध्ये जाऊन सायकल विकायचीय असं सांगत होते आणि दुकानदार विचारत होता, कुठाय सायकल?

प्रश्न : मुलगी वर्षभरासाठी चीनला जायचं म्हणते. आम्ही सांगलीचे, घरात पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिथे जेवायचे हाल होतात असं ऐकलं. खरं आहे का?

काकू, पहिले पंधरा दिवस हाल होतात, खोटं कशाला सांगू. पण उपाशी राहत नाही कुणी. एक वाक्य तिला पाठ करून पाठवा, वो छ्र सू, म्हणजे मी शाकाहारी खाते. पण तेवढ्याने भागत नाही कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात मांसाचे तुकडे काढून टाकले की झालं शाकाहारी. टोफूच्या एका प्रसिद्ध झणझणीत भाजीत खिमा असतो, टोफू आहे म्हणून मागवू नये. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगावं लागतं, टोमॅटोच्या भाजीत हमखास असतं.

ती सान श्येन नावाची भाजी मिळते, वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची. मी आठवड्यातून चार वेळा तीच खायचे. बटाट्याचा बारीक कीस करून व्हिनेगरमध्ये परततात, थू तोउ स, तोही चांगला लागतो, भाताबरोबर तर एकदम. तेल कुठलं हे विचारायचं असेल तर विचारावं, पण मग घरीच बसावं लागेल. मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खाणावळी असतात, कांदा-लसूणही नसतो.

आणि एक सांगते काकू. कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या बाईला तिकडे आ-यी म्हणतात, म्हणजे मावशी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घशात आवंढाच आला. त्याच आयीकडे मी एकदा सोयाच्या दुधात घालायला साखर मागितली. साखर म्हणजे थांग, पण कायवाला. मी म्हटला सावाला, तो म्हणजे सूप. तिने वाडगाभर सूप दिलं, वर अंडं तरंगतंय. नंतर मात्र माझ्यासाठी बिनअंड्याचं काय काय आहे ते तीच आधी सांगायची. कुकर देऊ नका, हॉस्टेलच्या खोलीत शेगडी चालत नाही. मेतकूट आणि चटण्या द्या.

प्रश्न : स्कॉलरशिप, व्हिसा, खर्च याबद्दल थोडक्यात सांगा ना. फ्लाइट चालू आहेत का?

थोडक्यातच सांगते. चीन सरकारची स्कॉलरशिप असते, तिला सगळे सीएससी म्हणतात, त्यात फी आणि हॉस्टेल आणि भाषेच्या वर्षासाठी महिन्याला २५०० ते ३००० युआनच्या घरात हातखर्च. आधी एचएसके देऊन ठेव, फॉर्म भरताना उपयोगी पडते. १८० दिवसांपेक्षा जास्त कोर्स असेल तर एक्स वन व्हिसा आणि तिथे पोचल्यावर ३० दिवसांत रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा, हे अजिबात विसरायचं नाही. हॉस्टेलबाहेर राहिलात तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा तिकडच्या नेटवर बंद, माझ्या वेळी वीचॅट हे चिनी मेसेजचं ॲप आईबाबांच्या फोनमध्ये टाकून दिलं की भागायचं, पण २०२० पासून भारतात त्यावर बंदी आहे, म्हणून घरी कसं बोलायचं ते निघायच्या आधीच ठरवा, नाहीतर विमानतळावर उतरल्यावर घरी रडारड. थेट विमानं मधली पाच वर्षं बंद होती, ऑक्टोबर २०२५ पासून परत सुरू झालीयत.

प्रश्न : अभ्यास सांभाळून फिरायला वेळ मिळतो का? काय बघावं, काय सोडावं?

वेळ काढावा लागतो. वर्ग सकाळी आठ ते बारा आणि रोज आधी डिक्टेशन, लाओश शब्द म्हणणार आणि आपण चित्रलिपीत लिहायचं, त्यामुळे दुपार त्याच्यातच जाते. शनिवार-रविवार आपला.

बीजिंगमधला राजवाडा, कू-कुंग, त्याची तिकिटं पासपोर्ट नंबर टाकून आधी बुक करावी लागतात आणि सोमवारी तो बंद असतो, माझ्या वर्गातले तिघे सोमवारीच गेले होते. चीनच्या भिंतीसाठी पातालिंगला सगळे जातात, तुम्ही मू-थ्येन-यूला जा, गर्दी कमी आणि खाली येताना घसरगाडीवरून येता येतं. १ ते ७ ऑक्टोबरच्या सुट्टीत मात्र कुठेच जाऊ नका. मी गेले. भिंत दिसली नाही, फक्त डोकी. तिआनानमेनच्या आसपास कुणी छान इंग्रजी बोलणाऱ्या मुली येऊन चला चहा पिऊ म्हणाल्या तरी जाऊ नका, एका चहाचे माझे ४०० युआन गेलेत आणि चहा बेचवच होता.

पण मला एकच जागा सांगायची असेल तर मी शी-आन सांगेन. आम्ही रात्रीच्या ट्रेनने गेलो, यिंग वो म्हणजे आपल्या स्लीपरसारखेच एकावर एक तीन बर्थ, दार नाही, फरक एवढाच की चादर-उशी मिळते आणि रात्री दहाला दिवे बंद. मातीचे सैनिक बघितले, १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले ते, भव्य आहेच. शहराच्या तटबंदीवर भाड्याची सायकल मिळते, जवळजवळ १४ किलोमीटरचा वेढा आहे, विटांची फरशी, दुसऱ्या दिवशी बसवत नव्हतं.

आणि मग रानहंसाचा मोठा मनोरा, तिकडे भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला इ.स. ६५२ मध्ये बांधलेला. कुणी आणलेले? आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग. मी गाइडला ह्युएनत्संग ह्युएनत्संग करत होते, ती नुसती बघतेय. पाटीवर पिनयिन वाचलं, एक्स म्हणजे श, झेड म्हणजे चिंचेतला दुसरा च. श्युएन-चांग! चांगला-मधला चांग! दहा वर्षं पाठ केलेलं नाव पहिल्यांदा नीट म्हटलं. तो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता आणि इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला. ते मी गाइडला मोडक्या चिनीत सांगितलं. ती म्हणाली, तू पण तशीच आहेस का? मला चहाचे ४०० युआन आठवले.

प्रश्न : मी सोलापूरचा, निवृत्त शिक्षक. आमच्या डॉ. कोटणीसांची समाधी चीनमध्ये कुठे आहे, आणि बीजिंगला शिकणारी नात एका दिवसात तिथे जाऊन येऊ शकेल का?

सर, नक्की जाऊ शकेल. समाधी श्र-च्या-च्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे, त्याच आवारात कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांचीही. बीजिंगपासून साधारण २८० किलोमीटर, फास्ट ट्रेनने तास-दीड तास, सकाळी निघून संध्याकाळी परत. तिकीट पासपोर्टवर निघतं, पासपोर्ट जवळ हवाच. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा पितरांचा सण असतो, तेव्हा शाळांची मुलं फुलं घेऊन येतात, ते बघायचं असेल तर तेव्हाच जावं. मी मार्चमध्ये गेले, आवार रिकामं, एक आजोबा झाडत होते.

तुम्हाला माहीतच आहे, १९३८ मध्ये चीन-जपान युद्धातल्या जखमींवर उपचार करायला भारतातून पाच डॉक्टर गेले होते, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत आले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. ते तिथे जाऊन चिनी शिकले, बोलायला आणि लिहायलाही, आणि मला तिथे इतके महिने वर्ग, ॲप, डिक्शनरी सगळं असून जे येत नव्हतं ते त्यांनी युद्धात, पेशंट बघत केलं, हे तिथे उभं राहिल्यावर जरा लागलंच मनाला. त्यांच्या मुलाचं नाव यिन-हुआ ठेवलं होतं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

नातीला एवढंच सांगा, स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला कोटणीस म्हणून काही उपयोग नाही, कुणाला कळत नाही, मी दोघांना विचारून बघितलं. त्यांचं चिनी नाव ख तीहुआ. ख सा लावून, ती गपसारखा, हुआ कायसारखा. तिसऱ्या टॅक्सीवाल्याला मी असं म्हटलं तर त्याने मागे वळून विचारलं, तू त्यांच्या गावची का? मी पुण्याची, पण हो म्हटलं.