कुंभारणीच्या घरात निघालेला भुंगेरा: फवारणी करावी का?

प्रश्न: मोटारघराच्या भिंतीवरचे कुंभारीण माशीचे मातीचे घर फोडले. एका खणात माशीऐवजी पिसाऱ्यासारख्या मिशांचा तांबूस भुंगेरा निघाला. शेजारी म्हणतात, हा तुरीवरचा हिंगा. फोटो पाठवला आहे. काय फवारू?

उत्तर: काहीही फवारू नका. फोटोतला भुंगेरा मॅक्रोसियागॉन प्रजातीतला नर आहे. पाचरीसारखे निमुळते अंग आणि पिसारेदार मिशा ही त्याची खूण. तो पिकाचा शत्रू नाही. तो वाढतो कुंभारणीच्या पिल्लावर.

याची मादी फुलांवर, कळ्यांवर भरपूर अंडी घालते. त्यातून निघणारी अळी डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी, पण सहा पायांची आणि चपळ असते. ती फुलावरच दबा धरून बसते. मध प्यायला कुंभारीण आली की तिच्या अंगाला चिकटते आणि थेट तिच्या घरात पोहोचते. चुकून दुसऱ्याच किड्यावर किंवा नर माशीवर चढली तर संपली, कारण नर घर बांधत नाही. म्हणूनच अंडी इतकी जास्त.

घरात गेल्यावर ती कुंभारणीच्या अळीच्या अंगात शिरते आणि आतूनच पोसली जाते. कुंभारणीची अळी मोठी झाली की भुंगेऱ्याची अळी बाहेर येते, कात टाकते, कुंभारणीच्या अळीच्या मानेभोवती वेटोळे घालून उरलेली अळी खाऊन टाकते. मग त्याच खणात कोष आणि कोषातून भुंगेरा. तुम्हाला सापडला तो हाच. एका खणात एकच वाढतो.

आता कुंभारणीला वाचवण्यासाठी या भुंगेऱ्याच्या मागे लागू नका. शेजारचे खण नीट पाहा. हिरव्या, लुळ्या पडलेल्या अळ्या असतील तर त्या पानाफुलांवरून उचलून आणलेल्या असतात. (खणात कोळी भरलेले असतील तर ती मातीचे घर करणारी दुसरी माशी.) अळ्या वेचणारी ही माशी आपल्या कामाची आहे. मोटारघरातली घरे अडचण होत नसतील तर फोडू नका, आणि बांधावरची फुलझाडे तणनाशकाने जाळू नका.

हिंगा मात्र वेगळा. काळ्या पंखांवर पिवळे-नारिंगी पट्टे, मिशा साध्या. तूर, मूग, भेंडी, बाजरीची फुले कुरतडताना दिसेल. त्याच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात, म्हणून थोडे हिंगे दिसले तरी लगेच औषध नको. जास्त असतील तर सकाळी सुस्त असताना हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने चिरडू नका, त्याच्या अंगातल्या द्रवाने फोड येतात. हिंगे असलेला हिरवा चारा झटकल्याशिवाय जनावरांपुढे टाकू नका. मेलेल्या हिंग्यातही ते विष राहते.