आधी हात घालून बघ

अगं पोरी,

तुझी एक्सेल शीट मिळाली. तेवीस रकाने! दोन जुन्या शिडाच्या बोटी: एका बाजूला 1969ची अल्बर्ग 30, दुसऱ्या बाजूला 1984ची कॅटलिना 30, आणि तळाशी तुझा प्रश्न, "काका, कुठली घेऊ?" बॅलास्टचं, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाशी ठेवलेल्या वजनाचं, प्रमाणसुद्धा काढलंयस. अल्बर्गच्या 9000 पौंडांत 3300, म्हणजे 37 टक्के. कॅटलिनाच्या 10200 त 4200, म्हणजे 41. मग सगळे अल्बर्गलाच दणकट का म्हणतात, यावर तू अडलीस. बॅलास्ट किती खोल आहे, बोटीचं पोट कसं आहे, हे त्या टक्क्यात येतच नाही. बंद कर ती शीट. तेवीस रकान्यांत एकच हवा होता आणि तोच नाहीये: हात कुठवर पोचतो?

आमच्या मालवणात होडी किनाऱ्यावर ओढली की आजोबा तिच्या आत उकिडवे बसून फळीन् फळी चाचपायचे. म्हणायचे, जिथे हात पोचत नाही तिथे पाणी पोचतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा आहे. मग अमेरिकेत आलो, पगार हातात आला आणि चेसापीक खाडीवर पहिली बोट घेतली. कुठली ते विचारू नकोस. आतून पांढरंशुभ्र लायनर, म्हणजे बोटीचं आतलं अस्तर, फ्रीजच्या आतल्या भागासारखं. मी भाळलो.

जुलैतली रात्र, नांगर टाकून झोपलेलो. पाय खाली ठेवला तर पाणी. सिंकखालच्या सीकॉकवरून, म्हणजे बोटीच्या बुडातल्या तोटीवरून, नळी निसटली होती, आणि सीकॉक लायनरच्या मागे. मी हात घातला. कोपरापर्यंत गेला, पुढे नाही. बोटांना पाण्याचा जोर लागत होता, चावी लागत नव्हती. बायको प्रेशर कुकरच्या भांड्याने पाणी उपसतेय, मुलगी रडतेय. शेवटी तोंडात लाकडी गुडदी धरून पाण्यात उडी मारली आणि बाहेरून भोक बुजवलं. जुलैत तिथे जेलीफिश किती असतात ते तुला माहीत आहे. अंगावर चटक्यांचे वळ आठवडाभर होते. मुलगी त्यानंतर बोटीवर रात्री कधीच राहिली नाही. आता ती चाळीशीला आलीय, तरी बंदरात आली की संध्याकाळी घरी निघते.

म्हणून सांगतो. चिडून सांगतो असं वाटलं तर वाटू दे.

कॅटलिनाचं आधी. तिचं इंजिन केबिनमध्ये, बैठकीखाली आहे. गाद्या उचल, फळी काढ, मांडी घालून काम कर. कीलच्या, म्हणजे बुडाखालच्या वजनदार पात्याच्या, बोल्टांचे नट बिल्जमध्ये, फळ्यांखालच्या तळात, समोर दिसतात. कील जिथे बुडाला जोडली आहे तिथे पुढच्या बाजूला आडवी चीर पडते, तिला इथले लोक 'कॅटलिनाचं हसू' म्हणतात. जुन्यांत त्या सांध्यावर आत प्लायवूड आहे. ते भिजलं की मऊ पडतं आणि नट आवळला की तो रुततच जातो. दोष आहेच, पण डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो.

अल्बर्गला कीलचे बोल्टच नाहीत. बॅलास्ट फायबरग्लासच्या पोटात बंद. विकणारा हे मोठ्या अभिमानाने सांगेल, आणि त्यात तथ्यही आहे, बोल्ट नाहीत तर गंजणार काय? पण आत लोखंड आहे, आणि तिथवर पाणी झिरपलं तर तुझा हात कुठून जाणार? डोलकाठी डेकवर उभी, तिचा भार खाली लाकडी तुळईवर. जुन्या बोटींत ती तुळई तडकते, पण तीही दिसते. डेकवर मात्र स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टक टक आलं तर ठीक. धप धप आलं तर आतलं कुजलंय. मोसंबी विकत घेतल्यासारखं ठोक. लाजू नकोस.

आणि लांब कीलच्या बोटीसाठी ते अभिलाष टॉमीचं उदाहरण देणं आता पुरे. 2023 मध्ये गोल्डन ग्लोबमध्ये, त्या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, तो दुसरा आला तो रस्टलर 36 वर. लांब कीलची बोट, कबूल. पण तो दक्षिण महासागरातून पृथ्वी फिरून आला. तुला शनिवारी ॲनापोलिसहून सेंट मायकल्सला जायचंय, उन्हाळ्यात, जेव्हा वारा दुपारपर्यंत झोपलेला असतो. अल्बर्गला सव्वाचार फूट पाणी पुरतं, फिन कीलच्या, म्हणजे आखूड आणि खोल कीलच्या, कॅटलिनाला सव्वापाच लागतं. आपल्या उथळ खाड्यांत त्या एका फुटाला किंमत आहे. तेवढा रकाना ठेव.

आता तू विचारशील, मग काका, तुम्ही स्वतः अल्बर्ग का घेतलीत? घेतली. कार्ल अल्बर्गने काढलेली ती रेघ, पावणेनऊ फुटांची सडपातळ कंबर, वाऱ्यात एका कुशीवर कललं की जी शांत चालते... ते जाऊ दे. पण घेतल्या घेतल्या कॉकपिटच्या तळाला जिगसॉने भोक पाडलं, कारण पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या स्टफिंग बॉक्सपर्यंत माझा हात जात नव्हता. बंदरावरच्या लोकांनी तोंडं वाकडी केली, क्लासिक बोट बिघडवली म्हणाले. बिघडवली तर बिघडवली! आता दोन मिनिटांत नट फिरवतो. लायनर आड आलं तर लायनर काप, फळी आली तर फळी काप. कापायची छाती नसेल तर ती बोट घेऊ नकोस, मग ती कितीही सुंदर असो. मी चुकलो असेन डेकच्या बाबतीत. तो दुरुस्त करायला दोन उन्हाळे ग्राइंडर घेऊन धूळ खात बसलो, तेव्हा घरच्यांबरोबर असायला हवं होतं. भोकाच्या बाबतीत चुकलो नाही.

शनिवारी सकाळी आठला येतो. दोन्ही विकणाऱ्यांना आधीच कळव की गाद्या उचलणार, फळ्या काढणार, लॉकर रिकामे करणार. टॉर्च आण, दांडीचा छोटा आरसा आण आणि जुना शर्ट घाल. तुझे हात माझ्यापेक्षा बारीक आहेत, घालायचे तूच. मी फक्त विचारणार, लागलं का?

तुझा,
काका

ता. क. घड्याळ घरी ठेवून ये. माझं एक त्या पहिल्या बोटीच्या लायनरमागे अजून असेल.