माझ्या साखरेमुळे बाळाच्या रक्तवाहिन्या बिघडल्या का?

सुवर्णा (नाव बदललं आहे) 27व्या आठवड्यात माझ्याकडे आली, तेव्हा साखरेच्या आकड्यांची वही माझ्या हातात द्यायच्या आधीच रडायला लागली. पहिलटकरीण, गरोदरपणातली साखर सापडून तीन आठवडे झालेले. फोनवर तिनं एक बातमी जपून ठेवली होती: मधुमेह असलेल्या आईच्या बाळाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी कमकुवत होतात. "मॅडम, पाडव्याला मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं होतं. बाळाच्या नसा तेव्हाच बिघडल्या असतील ना?"

मी लगेच समजवायला लागले, आणि तिथेच चुकले. ती ऐकत नव्हती. मग मी वही उघडली. उपाशीपोटी 88, 91, 86. जेवणानंतर दोन तासांनी 118, 112. पाडव्याच्या 134 भोवती लाल पेनानं तीन वेळा गोल. आणि शेवटचे चार दिवस रात्रीच्या जेवणानंतरचे आकडे 82, 79, 80, 78. जेवणानंतर इतकी कमी?

"रात्री काय जेवतेस गं?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "काहीच नाही."

आठवड्यात वजन एक किलोनं उतरलं होतं, लघवीच्या तपासणीत कीटोन्स निघाले, म्हणजे पोटात अन्न नसल्यानं शरीर चरबी जाळत होतं. बातमीपेक्षा मला या उपाशी रात्रींची भीती वाटली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी असंच करतात. घरात पहिला प्रश्न "काय खाल्लंस?" असाच येतो, मग बाई ताटच बाजूला सारते.

मग बातमीबद्दल बोललो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरा हॅनेलिन या नवजात शिशुतज्ज्ञ आहेत. बाळ जन्मल्यावर नाळेत उरलेल्या रक्तातून नव्या रक्तवाहिन्या घडवणाऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्या गटानं अभ्यास केला. 2008 साली त्यांनी दाखवलं की मधुमेही मातांच्या बाळांमध्ये या पेशी कमी असतात आणि प्रयोगशाळेत लवकर थकतात. निरोगी बाळांच्या पेशी जास्त साखरेत वाढवल्या, तर त्यांचंही काम मंदावलं. काम खरं आहे, महत्त्वाचं आहे. पण पेशी बशीत वाढवलेल्या होत्या. सुवर्णाच्या पोटातल्या बाळाबद्दल, एका श्रीखंडाबद्दल, त्यातून काहीच सांगता येत नाही. अशा मुलांना पुढे वजन, साखर, रक्तदाब यांचा धोका थोडा जास्त असतो, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. धोका आहे म्हणजे आजार झालाच, असं मात्र नाही.

"मग मी काय करू?" हा प्रश्न आला, तेव्हा मला हायसं वाटलं.

ही साखर आंब्या-श्रीखंडानं आलेली नाही. वारेतून (प्लासेंटातून) सुटणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, आणि काही जणींच्या स्वादुपिंडाला तो भार पेलत नाही. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही, म्हणून बाळ स्वतःचं जास्त इन्सुलिन बनवतं आणि अंगानं भरतं. ऑस्ट्रेलियात 1000 गरोदर बायकांवर झालेला अभ्यास 2005 मध्ये आला. आहार, तपासणी आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन दिल्यावर बाळांना होणारे गंभीर त्रास 4 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आले. पेशींचं काय होतं ते त्यात मोजलेलं नव्हतं. तरी हा आकडा मी तिच्या वहीत लाल गोलाशेजारी लिहून दिला.

पुढच्या खेपेला सासूबाईंना सोबत बोलावलं. "आंब्याचा मोह आवरत नाही हिला" असं त्या तिला ऐकवत असत. मी वार आणि इन्सुलिनचं सगळं त्यांना सांगितलं. थोडा वेळ त्या पदराशी चाळा करत बसल्या, मग म्हणाल्या, "मला काय ठाऊक? रात्री काय वाढू ते सांगा." ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडी, ताक, झोपताना बिनसाखरेचं कपभर दूध. जेवल्यावर अंगणात पंधरा मिनिटं फेरी. बाईंनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

दोन आठवड्यांनी वहीत रात्रीचे आकडे 108, 114, 111 होते आणि वजन पुन्हा चढू लागलं होतं. इन्सुलिन लागलं नाही. बाळ 2.9 किलोचं झालं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते, आणि बाळाच्या धावपळीत बहुतेक जणी नेमकी हीच तपासणी विसरतात. म्हणून तारीख मी सुवर्णाला नाही, सासूबाईंना दिली होती. त्या दिवशी सकाळी आठलाच तिघं बाकावर हजर होती. सुवर्णानं ग्लुकोजचं पाणी नाक मुरडत संपवलं, आणि पुढचे दोन तास बाळ आजीच्या मांडीवर झोपून होतं.