जुन्या वाशांपासून अंगणात फिरवता येणारे सुतारकामाचे टेबल घरी करता येईल का, आणि त्याला चाके कोणती लावावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातल्या घराचे कौलारू छप्पर उतरवल्यानंतर उरलेले वासे, रिपा आणि सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, काही फळ्या आपल्याकडे पडून आहेत. त्यांतून अंगणात सुतारकाम करण्यासाठी एक टेबल करायचे आहे, पावसाळ्यात ते पडवीत ओढून नेता यायला हवे, आणि त्यासाठी चार फिरती चाके लावावीत असा आपला विचार आहे. टेबल अवश्य होईल, आणि आपल्याकडचे लाकूड वखारीतल्या स्वस्त नव्या लाकडापेक्षा या कामाला सरस ठरण्याची शक्यता बरीच आहे. चार फिरत्या चाकांना मात्र माझा विरोध आहे. संपूर्ण टेबलाची बांधणी चाकांच्या निर्णयावर अवलंबून असल्यामुळे आधी त्याविषयीच लिहितो.

सुतारकामाच्या टेबलावर येणारा मुख्य जोर वरून खाली नसतो, तो आडवा असतो. रंधा मारताना, करवत चालवताना किंवा पटाशीने खाच पाडताना आपण टेबलाला सतत पुढे रेटत असतो. चाकांवर उभे असलेले टेबल अशा वेळी ब्रेक लावूनही डुगडुगते, कारण साध्या ब्रेकमुळे चाकाचे फिरणे थांबते, पण चाक ज्या खुंटावर गोल वळते तो खुंट मोकळाच राहतो. चाक आणि वळण दोन्ही एकदम अडवणारी चाके मिळतात, परंतु त्यांच्यातही थोडी ढिलाई असतेच. शिवाय बाजारात सहज मिळणारी दोन-तीन इंची चाके गुळगुळीत फरशीसाठी केलेली असतात. जांभ्याच्या चिऱ्यांच्या सांध्यात किंवा चोपून घेतलेल्या मातीच्या अंगणात ती रुततात, आणि भरलेले टेबल ओढताना चाकाऐवजी पायच निखळतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की काम चालू असताना टेबलाचा भार चाकांवर मुळीच नसावा, तो चारही पायांवरून थेट जमिनीत जावा, आणि टेबल हलवायचे ठरेल तेव्हाच चाके जमिनीला टेकावीत.

हे साधण्यासाठी दोनच चाके पुरतात. टेबलाच्या एका टोकाच्या दोन्ही पायांना, बाहेरच्या बाजूने, एकेक आडवा जाड ठोकळा आरपार बोल्टने असा बसवावा की तो पायापासून टेबलाच्या टोकाबाहेर चार-साडेचार इंच निघेल. त्या दोन ठोकळ्यांमधून १६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी गज आस म्हणून घालावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना आठ इंच व्यासाची भरीव रबरी चाके लावावीत. जुन्या ढकलगाडीची किंवा सामान वाहण्याच्या ट्रॉलीची चाके भंगारवाल्याकडे बहुधा मिळतात. हवेची चाके टाळावीत, कारण महिनोन्महिने एका जागी उभ्या राहणाऱ्या टेबलाची हवा नेमकी गरजेच्या दिवशी गेलेली असते. आसाचे भोक पाडण्यापूर्वी टेबल सपाट जागी उभे करावे, चाकांखाली एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडीची पुठ्ठ्याची चकती ठेवावी आणि चाक त्या चकतीवर टेकवून मगच खूण करावी. अशा रीतीने चाके जमिनीपासून जेमतेम सुटलेली राहतात. विरुद्ध टोक दीड-दोन इंच उचलताच भार चाकांवर जातो, आणि आणखी उचलत गेले की चाकांकडचे पायही जमीन सोडतात.

उचलण्यासाठी विरुद्ध टोकाला हातगाडीसारखे दोन दांडे हवेत. चार फुटी टेबलाला फूटभर बाहेर येणारे दांडे लावून ते दहा इंच वर घेतले, तर चाकांकडचे पाय साधारण अर्धा इंच वर येतात. चिऱ्यांच्या अंगणात एवढे पुरते. जमीन अधिक उंचसखल असेल तर आस पायांपासून आणखी दोन इंच बाहेर न्यावा. दांडे कायम बाहेर राहिले तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या मांडीला लागतात, म्हणून ते टेबलाच्या वरच्या पट्ट्यांना आतून लागून सरकतील असे ठेवावेत आणि बाहेर ओढल्यावर एका खुंटीने अडवावेत. ऐन किंवा किंजळ यांसारख्या जड लाकडाचे असे टेबल ५० किलो किंवा त्याहून अधिक भरते. दांड्यांशी त्याच्या निम्म्याहून कमी वजन उचलावे लागते, पण तेही कमी नाही. त्यामुळे शेगडा, म्हणजे लाकूड पकडून ठेवणारे लोखंडी यंत्र, नेहमी चाकांच्या टोकाला बसवावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला शेगडा आपल्या डाव्या हाताशी सोयीचा पडतो, म्हणून चाकेही डावीकडच्या टोकालाच असावीत.

अंगणाऐवजी सपाट काँक्रीटची गच्ची किंवा वाहनतळ असता, तर माझे उत्तर थोडे सौम्य झाले असते. तेथे किमान पाच इंची, दुहेरी ब्रेकची चार चाके चालतात. त्यांची क्षमता ठरवताना मात्र एकूण वजन चाराने नव्हे, तीनाने भागावे, कारण पूर्ण सपाट जमीन कोठेच नसते आणि एक चाक बहुतेक वेळा अधांतरीच असते.

आता लाकडाकडे वळू. कोकणातल्या जुन्या छपरांत सागवानाखेरीज ऐन आणि किंजळ पुष्कळ सापडतात. अनेक दशके धुरात आणि कोरड्या हवेत राहिलेले असे वासे पूर्ण सुकलेले असतात, आणि त्यांना जो काही वाक यायचा तो येऊन गेलेला असतो. प्रत्येक वासा दोन्ही टोकांशी तपासावा. भिंतीत घुसलेले टोक वाळवीने आणि पागोळीकडचे टोक पाण्याने खराब झालेले असते, म्हणून दोन्ही टोके हातभर कापून टाकण्याची तयारी ठेवावी. मधल्या भागावर हातोडीने ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते आणि पोखरलेले भद्द वाजते. शंका आली तेथे टोकदार खिळा दाबून पाहावा. तो नुसत्या हाताच्या जोराने आत गेला तर तो तुकडा टेबलाला निरुपयोगी समजावा. बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर त्यात कीड जिवंत आहे, आणि असा वासा घरातल्या इतर लाकडाजवळही ठेवू नये.

रिपा आणि वाशांमध्ये गंजून मोडलेले खिळे लपलेले असतात. करवत लावण्यापूर्वी स्पीकरमधले जुने लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवले तर ते सापडतात. सेंटरिंगच्या फळ्यांबाबत दोन अडचणी आहेत. त्यांना चिकटलेला सिमेंटचा थर रंध्याच्या पात्याची धार घालवतो, आणि साच्याला लावलेल्या तेलामुळे गोंद धरत नाही. त्यामुळे त्या तारेच्या ब्रशने घासून खालच्या मांडणीसाठी वापराव्यात, वरच्या पृष्ठभागासाठी नव्हे. जुनी रंगवलेली दारे-खिडक्याही हाताशी असतील, तर त्यांचा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ विशेषतः लहान मुलांना घातक असते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. त्यांत मुरवलेले डांबरी तेल हाताला आणि श्वासाला चांगले नाही.

औद्योगिक वसाहतींतून मिळणाऱ्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचण्याच्या लाकडी चौकटींच्या, फळ्यांविषयी अनेकजण विचारतात, म्हणून तेही सांगतो. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि त्याशेजारी उपचाराची अक्षरे असतात. 'एचटी' म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग किमान ३० मिनिटे तापवलेला असतो, तर 'एमबी' म्हणजे त्याला मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली असते. पहिले घ्यावे, दुसरे सोडावे. परंतु तापवलेले लाकूड म्हणजे वाळवीरोधक लाकूड असा समज करून घेऊ नये. त्या उपचाराने त्या वेळची कीड मरते, पुढची अडत नाही. कोकणाच्या दमट हवेत पाइनच्या फळ्यांचे पाय फार दिवस टिकत नाहीत.

टेबलाची लांबी चार फूट आणि रुंदी दोन फूट पुरे. उंची ठरवण्यासाठी सरळ उभे राहून हात सैल सोडावा आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचे अंतर मोजावे. बहुतेकांचे ते ३२ ते ३५ इंचांच्या दरम्यान भरते. (आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून सुरेख काम करतात. त्यांना या सगळ्या खटाटोपाचे हसू येईल, आणि ते वावगे नाही. पण वयाच्या चाळिशीनंतर ती बैठक शिकणे अवघड आहे.) पायांसाठी तीन इंची वाशांचे सरळ तुकडे निवडावेत. पाय आणि आडव्या पट्ट्या जेथे मिळतात तेथे पायात अर्धा-पाऊण इंच खोल खाच पाडून पट्टी तीत बसवावी आणि मग १० मिलिमीटरचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आरपार, दोन्हीकडे मोठे वॉशर घालून आवळावेत. खाचेमुळे भार लाकडावर येतो, बोल्टचे काम फक्त धरून ठेवण्याचे उरते. केवळ स्क्रूवर उभा केलेला सांगाडा एका जागी उभा असेल तर बरीच वर्षे काढतो, परंतु जो सांगाडा एका टोकाने उचलून ओढला जाणार आहे त्याच्या प्रत्येक सांध्याला पीळ बसतो. म्हणूनच मागच्या लांब बाजूला आणि दोन्ही आखूड बाजूंना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी हवीच. पुढची बाजू पाय ठेवायला मोकळी सोडावी. तिरक्या पट्ट्या ठोकण्यापूर्वी सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे कर्ण मोजून पाहावे. दोन्ही कर्ण सारखे भरले की मगच बोल्ट पूर्ण आवळावेत.

वरच्या पृष्ठभागासाठी दीड इंच जाडीच्या फळ्या उत्तम. इंचभर जाडीच्याच मिळाल्या तर त्यांच्याखाली दर फुटावर एक आडवी पट्टी द्यावी. फळ्या एकमेकींना चिकटवू नयेत, त्यांच्यात दोन सुतांची फट ठेवावी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. जोडलेला अखंड पृष्ठभाग उघड्यावर एका वर्षात कोठेतरी फाटतोच. फटींतून पाणी निघून जाते, भुसा झटकता येतो आणि शिकंजाही, म्हणजे लाकूड दाबून धरणारी पकडही, अडकवता येते. बारीक स्क्रू खाली पडतात हा तोटा खरा आहे, त्यासाठी खालच्या मांडणीवर एक जुने ताट ठेवावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, आणि घर समुद्राच्या अगदी जवळ असेल तर ३१६ प्रतीचे. स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या दोन सूत खाली बुडवावे, नाहीतर रंध्याचे पाते एके दिवशी त्यावर आपटेल.

लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते कापलेल्या टोकांतून, आणि पायांची खालची टोके तर सतत ओलीवर उभी असतात. ती टोके काजूच्या टरफलाच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवावीत. होड्यांना आणि वाशांना हे तेल लावण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे आणि ती योग्य आहे. मात्र ओले असताना ते कातडी भाजते, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि वरच्या पृष्ठभागाला ते लावू नये. तेल सुकल्यावर प्रत्येक पायाखाली जुन्या टायरचा तुकडा ठोकावा. चाकांखालची चकती ठेवून खूण करण्याचे काम टायर ठोकल्यानंतर करावे, अन्यथा उंचीचा मेळ बसणार नाही. वरच्या फळ्यांना व्हार्निशऐवजी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, कारण व्हार्निशचा पापुद्रा उन्हाने तडकतो, त्याच्याखाली पाणी साचते आणि दुरुस्तीसाठी सगळाच खरवडावा लागतो. जवसाचे तेल जाड थरात राहिले तर पावसाळ्यात त्यावर बुरशी येते, म्हणून प्रत्येक हातानंतर उरलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे. ते फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात बुडवून ठेवावे किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यावे.

मे महिन्याच्या अखेरीस टेबल पडवीत न्यावे आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, म्हणजे वाळवीची माती चढू लागली तर दिसेल. ताडपत्री घालायचीच असेल तर फक्त वरून घालावी. चारही बाजूंनी गुंडाळलेल्या प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि उघड्या पावसापेक्षा अधिक नुकसान करते. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आटले की सगळे नट सैल झालेले आढळतील. टेबल पुन्हा अंगणात आणण्यापूर्वी ते पान्याने आवळून घ्यावेत आणि आसाला थोडे ग्रीस लावावे.