मस्टँग सध्या खोक्यातच राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला राहता, ऑनलाइन फोमचं, ११०० मिलिमीटर पंखविस्ताराचं मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल) घेतलंय, सोबत सहा चॅनेलचा रेडिओ (हातातला रिमोट) आणि दोन बॅटऱ्या. याआधी काहीच उडवलेलं नाही आणि येत्या रविवारी सोसायटीसमोरच्या मैदानात सुरुवात करायची आहे. चालेल का?

नाही चालणार. मैदानही नको आणि मस्टँगही नको. रेडिओ मात्र आजपासून कामाला लावा, त्याचं खाली सांगतो.

आधी मैदान. मुंबई पोलिसांच्या हद्दीत ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर वगैरे उडवायला मनाई करणारे आदेश वरचेवर निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. ‘हे तर खेळण्यातलं विमान’ हे उत्तर हवालदारापुढे टिकत नाही. त्याशिवाय ड्रोन नियम, २०२१ आहेतच. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं यंत्र ‘मायक्रो’ गटात मोडतं. हौसेसाठी उडवायला त्याला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण लाल, पिवळा, हिरवा असे आकाशाचे पट्टे त्यालाही लागू आहेत. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर जागा पाहिल्याशिवाय घरातून निघू नका. सांताक्रूझ, जुहू, ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, कुलाब्याचं नौदल आणि आता नवी मुंबईचा विमानतळ एवढं वजा केलं की शहरात उरतं काय? आणि नियम बाजूला ठेवले तरी पोरं क्रिकेट खेळतायत त्या मैदानात मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणारं १० इंची प्रॉप (नाकावरचा पंखा) नेणं हा शहाणपणा नाही.

जागा बदलापूरच्या पुढे शोधा. वांगणी, नेरळ, कर्जत पट्ट्यात भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात. शेतमालकाला विचारूनच आत पाय ठेवा, कारण भातानंतर उरलेल्या ओलाव्यावर बरेच जण वाल पेरतात आणि लांबून ते शेत रिकामंच वाटतं. रेल्वेच्या तारा, हायटेन्शन लाइन आणि वस्ती यांपासून निदान तीन-चारशे मीटर लांब राहा. बांधांकडे लक्ष असू द्या, उतरणारी बरीच विमानं शेवटच्या पाच मीटरमध्ये बांधालाच धडकतात. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. अकरा-बारा वाजले की समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारी तो नवशिक्याच्या आवाक्यात राहत नाही. सुकलेल्या गवताची चिमूट डोक्याच्या उंचीवरून सोडा. ती दोन पावलांच्या पलीकडे जाऊन पडली तर त्या दिवशी विमान काढू नका. संक्रांतीच्या आठवड्यात मांज्यामुळे सुट्टीच घ्या.

आता मस्टँग. त्याचा पंख खाली आहे, टोकाकडे निमुळता होत जातो आणि आकारमानाच्या मानाने वजन जास्त. साधं गणित करू. ११०० ग्रॅमच्या अशा विमानाचा पंख साधारण २० चौरस डेसिमीटरचा धरला, तर दर चौरस डेसिमीटरला ५५ ग्रॅम भार येतो. ट्रेनरचा (शिकाऊंसाठीच्या विमानाचा) पंख १२०० बाय २०० मिलिमीटर, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर, आणि वजन ८०० ग्रॅम धरलं तर भार ३३ ग्रॅम. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाही) या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मस्टँगला हवेत तरंगायलाच ट्रेनरच्या जवळपास १.३ पट वेग हवा. त्यात निमुळत्या पंखाचं टोक आधी स्टॉल होतं. तुम्ही लँडिंगला वेग कमी करता, नाक जरा वर ओढता आणि एक पंख अचानक खाली कोसळतो. सावरायला वेळ नाही, उंची नाही. ट्रेनरचा पंख वर असतो, दोन्ही बाजू किंचित वर उचललेल्या असतात आणि स्टिक (रेडिओवरची दांडी) सोडली की विमान बऱ्यापैकी स्वतःच सरळ होतं. शिकताना हाच गुण कामाचा.

तयार ट्रेनर घ्यायचा तर ईपीओ (चिवट, लवचिक) फोमचा घ्या. स्वतः बनवायचा असेल तर फोमबोर्ड बरा. सनपॅक (पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा) स्वस्त आणि चिवट आहे, पण जड. भारतात सहज मिळणारा आणि चालणारा संच असा: २२१२ मापाची १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटर, १० बाय ४.५ प्रॉप, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक), ९ ग्रॅमचे चार सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ११.१ व्होल्टची तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी. तुमच्या मस्टँगच्या बॅटऱ्या याच मापाच्या असतील तर त्याच वापरा. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला फिरलात तर मिळतील. प्रॉप मात्र निदान सहा घ्या. पहिल्या महिन्यात प्रॉपसारखं दुसरं काही संपत नाही.

विमान येईपर्यंत रेडिओ लॅपटॉपला जोडा. बहुतेक रेडिओंच्या मागे ट्रेनर पोर्ट असतो, त्याची यूएसबी केबल मिळते. पिकासिमसारखा फुकटचा सिम्युलेटर सुरुवातीला पुरतो. मोबाइलच्या स्क्रीनवर बोटं फिरवून काही उपयोग नाही, बोटांना स्टिकचीच सवय व्हायला हवी. कॅमेरा जमिनीवर उभ्या माणसाचा ठेवा, विमानामागून जाणारा नको. तो सोपा वाटतो, पण शेतात तुम्हाला तसं दिसणार नाहीये. रोज वीस मिनिटं, एकूण आठ-दहा तास. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं, सगळे तिथेच फसतात. उपाय एकच: जो पंख खाली गेलाय, त्याच बाजूला स्टिक न्या, पंखाखाली टेकू लावल्यासारखी. हे विचार न करता व्हायला लागलं आणि सलग वीस लँडिंग न मोडता झाली की शेतात जा.

विमान जुळवल्यावर दोन गोष्टींवर अर्धा तास घालवा. पहिली गोष्ट सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य. बॅटरी जागेवर बसवा, पंखाच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्क्यांवर खूण करा (२०० मिलिमीटर रुंद पंख असेल तर ५० ते ६० मिलिमीटर) आणि दोन बोटांच्या टोकांवर विमान उचला. नाक किंचित खाली झुकलेलं हवं. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, तेवढ्यानं भागलं नाही तर नाकात वजन घाला. नाकजड विमान उडतं, फक्त आळशी वाटतं. शेपूटजड विमान हातातून सुटताच नाक वर करतं आणि पुढच्या तीन सेकंदांत खेळ संपतो.

दुसरी गोष्ट दिशा. प्रॉप काढून ठेवा आणि विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) वर आणि डावा खाली गेला पाहिजे. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) वर. रडरची (शेपटीच्या उभ्या झडपेची) स्टिक उजवीकडे नेली की रडरही उजवीकडे. एलरॉन उलटे जोडून उडवणारे थोडेथोडके नाहीत. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र) बसवला असेल तर तोही तपासा: उजवा पंख हाताने झटकन खाली दाबलात की उजवा एलरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे जायरो तो पंख उचलायला बघतोय. उलटा बसवलेला जायरो विमान आपटल्याशिवाय राहत नाही. एलरॉनची हालचाल वर-खाली १० ते १२ मिलिमीटर आणि एलिव्हेटरची ८ ते १० ठेवा. एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल सौम्य करणारी सेटिंग) ३० टक्के द्या, पण रेडिओच्या पडद्यावरची रेघ मधोमध सपाट झालीये ना ते बघा. काही रेडिओंत चिन्ह उलटं असतं आणि विमान सौम्य व्हायचं सोडून आणखी चिडकं होतं.

प्रॉप काढलेलंच असताना फेलसेफही (रेडिओचा संपर्क तुटल्यावर विमान काय करतं ते) बघून घ्या. थ्रॉटल (मोटरचा जोर) पाव ठेवा आणि रेडिओ बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर रेडिओच्या मेनूत जाऊन फेलसेफला थ्रॉटल शून्य द्या.

बॅटरीबद्दल थोडक्यात. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. २२०० एमएएचला चार्जिंगचा करंट २.२ अँपिअर, बॅलन्स मोडमध्ये (सगळे सेल सारखे भरतात), फरशीवर, नजरेसमोर. झोपताना लावून ठेवू नका. उडवताना टायमर सहा मिनिटांचा लावा. चार दिवस वापरणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी वापरू नका, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. लोकलने नेताना प्लगवर टोपी आणि पंख सुटा करून खोक्यात.

पहिल्या उड्डाणाला एक माणूस सोबत घ्या. फेकायचं काम त्याचं, तुमचे दोन्ही हात स्टिकवर. वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल तीन-चतुर्थांश, चार पावलं धावून सरळ ढकलायचं. भाल्यासारखं वर फेकायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात नाक वर जातं, वेग मरतो आणि विमान जागच्या जागी बसतं. हातातून सुटल्यावर दोन सेकंद काही करू नका, मग हलकंसं एलिव्हेटर द्या. दहा-बारा मजली इमारतीएवढी उंची गाठली की थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि ट्रिम (स्टिक मध्ये असतानाची बारीक दुरुस्ती) लावा. स्टिक सोडून विमान तीन-चार सेकंद सरळ गेलं की झालं.

वळण घेताना नवशिका स्टिक धरूनच ठेवतो, त्यामुळे विमान कुशीवर जातं आणि नाक खाली घालतं. पंख २०-३० अंश झुकला की स्टिक मध्ये आणा आणि थोडं एलिव्हेटर ओढा, विमान आपोआप वळेल. बाहेर पडायला उलट बाजूला तेवढाच धक्का. गोंधळ झाला तर थ्रॉटल कमी करून हात सैल सोडा, उंची असेल तर ट्रेनर सावरतो. सूर्याच्या बाजूला आणि शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडे जाऊ नका, कुठलं टोक आपल्याकडे आहे हेच कळत नाही. घार जवळ यायला लागली तर तिच्याशी खेळू नका, खाली या.

टायमर वाजायच्या आधी दोनदा नुसती उतरण्याची फेरी मारा. खरं लँडिंग वाऱ्याच्या विरुद्ध. किती खाली यायचं ते थ्रॉटलने ठरवा, एलिव्हेटरने नाही. शेत कमी पडतंय म्हणून नाक ओढलंत की वेग जातो आणि स्टॉल होतो. पोचत नसेल तर थोडी मोटर द्या. शेवटच्या एका मीटरवर थ्रॉटल बंद करून नाक सपाट करा. आपटणार हे दिसलं तर आधी थ्रॉटल शून्य करा. प्रॉप अडकलेलं असताना मोटर चालू राहिली की ईएससी जळतो.

मोडलेलं जोडायला ईपीओला फेविक्विक चालतं. थर्मोकोलवर नको, तो विरघळतो. आत बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या खुपसा आणि वरून फायबरची टेप लावा. दुरुस्तीनंतर सीजी पुन्हा मोजा, गोंद आणि टेप शेपटीकडे लागली असेल तर तो हललेला असतो.

ट्रेनरवर तीसेक उड्डाणं, दोन्ही बाजूंनी आठ आकडा आणि हव्या त्या जागेच्या दहा पावलांत सलग दहा लँडिंग झाली की मस्टँग खोक्यातून काढा. त्याला उतरवताना शेवटपर्यंत थोडा थ्रॉटल ठेवावा लागतो आणि तोपर्यंत ते तुमच्या अंगठ्यात बसलेलं असेल.