नॅनोकण, नाक आणि मामाचं मेडिकल

प्रश्न : मुलगा बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, जमली नाही. नाकातून थेट मेंदूत औषध पोचवणाऱ्या नॅनोकणांवर मोठं संशोधन चालू आहे म्हणे. त्यात पीएच.डी. केली तर नावापुढे डॉक्टर तरी लागेल. तो काहीच बोलत नाही, सुट्टीत मामाच्या मेडिकलमध्ये जाऊन बसतो. कोणती परीक्षा द्यायला लावू? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, परीक्षेचं आधी सांगून टाकते. एम. फार्मसाठी जीपॅट, नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांना त्याशिवाय त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा. झालं.

आता मला खटकलेलं. अख्ख्या पत्रात मुलाचं स्वतःचं असं एक वाक्य नाही. नीट हुकल्याचं दुःख त्याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त दिसतंय. ते फेडायला त्याने आणखी सहा-सात वर्षं प्रयोगशाळेत घालवायची? तो गप्प आहे, कारण बोलून उपयोग नाही हे त्याला कळून चुकलंय.

आणि नाकात फवारलं की औषध मेंदूत, इतकं ते सरळ नाही. वासाच्या चेतातंतूंचा भाग नाकाच्या पार छताशी असतो. उंदराच्या नाकात तो जवळपास निम्मा, माणसाच्या 10 टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे उंदरात झकास आलेले आकडे माणसात तसेच येतील याचा भरवसा नाही. शिवाय नाकातला शेंबूड सतत घशाकडे सरकतो, 15-20 मिनिटांत निम्मं औषध पोटात. ते अस्तराला चिकटून राहावं म्हणून कणांवर कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेलं कायटोसान चढवतात. मायग्रेनचं सुमाट्रिप्टान, फिट थांबवणारं मिडाझोलाम हे नाकातले फवारे आज मिळतात, पण त्यात नॅनोकण नाहीत; ते औषध मुख्यतः रक्तातून जातं.

या विषयातला विद्यार्थी कत्तलखान्यातून बकऱ्याच्या नाकाचं अस्तर आणतो, फ्रांझ सेल या दोन कप्प्यांच्या काचेच्या उपकरणात मधल्या पडद्यासारखं ताणून बसवतो, ठरल्या वेळी नमुने काढत राहतो. कणांचे गोळे झाले की सगळं पहिल्यापासून. ज्याला याची ओढ आहे त्याने जरूर करावं. पण त्याच्या वाट्याला पेशंट येत नाही.

तुमचा मुलगा मात्र सुट्टीतही माणसांच्या गर्दीत जाऊन बसतो. मामांना विचारा, काउंटरवर तो काय करतो? कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे एखाद्या आजींना न कंटाळता समजावत असेल, तर फार्मसी प्रॅक्टिसमध्ये एम. फार्म किंवा बी. फार्मनंतरचं तीन वर्षांचं फार्म. डी. बघा. त्यात रुग्णालयातल्या वॉर्डात काम असतं. त्याच्या नावापुढे काय लावता येतं ते मी मुद्दाम सांगत नाही. मुलालाच लिहू दे मला.