चुंबकी ठोकळे घ्यावेत का?

प्रश्न : महाद्वार रोडवर चुंबकी ठोकळे पाहिले. चार वर्षांच्या नातवासाठी घ्यावेत का? (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : आजी, जरूर घ्या, कारण तुकडे सहज जुळत असल्याने चिमुकल्या हातांना घर-पूल उभारण्याचा खरा आनंद मिळतो, मात्र १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे असलेले आयएसआय चिन्ह खोक्यावर पाहूनच घ्या. प्रत्येक तुकड्याची कड अंगठ्याने दाबून पाहा. सांधा उकललेला तुकडा लगेच बाजूला काढा. आतले दोन चुंबक गिळले गेले, तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत चिमटून तिला भोक पडू शकते. नुसती शंका आली तरी मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. मण्यांएवढ्या सुट्या चुंबकी गोळ्या मात्र घरात आणूच नयेत.